वर राहिलेली चिमणी

माझी पणजी डोंगराच्या उतारावर शंभर पावसाळे उभी होती. तिला पाडायला आलेल्या चार लाकूडतोड्यांना तिने तीन दिवस दमवले. माझी आजी पाण्यावर गेली. एका रुंद नदीत माणसांची ने-आण करणाऱ्या होडीचा ती तळ होती, आणि तिच्या हयातीत त्या होडीत पाण्याचा थेंब शिरला नाही. होडी थकली, तेव्हा तिच्या तळातून निघालेल्या माझ्या आईला एका ओढ्यावर आडवे टाकण्यात आले. वीस वर्षे तिच्या पाठीवरून माणसे, शेळ्या, सायकली आणि एकदा तर एक आख्खे कपाट पलीकडे गेले. तू कोण, कुठला, असे तिने एकालाही विचारले नाही. पुढे ओढ्यावर दगडी पूल झाला, आणि आईच्या मधल्या, न कुजलेल्या भागातून मी निघाले.

मित्रांनो, अशा घराण्यातली मी एक जुनी फळी आहे. तुम्ही ज्याला सीसॉ म्हणता, त्याची. आता सरळ बसा आणि पाय हलवू नका. ही हकिकत मी यापूर्वी कोणाला सांगितलेली नाही, आणि पुन्हा सांगण्याचा माझा विचार नाही.

मला घडवणारा सुतार कमी बोलणारा होता. त्याने मला बारा फूट लांब ठेवले, रंधा मारला आणि माझ्या कडा हाताने घासून गोल केल्या. त्याचा मुलगा म्हणाला, "बाबा, शाळेची फळी आहे ती. एवढं कोण बघतंय?" सुतार म्हणाला, "बघणार नाहीत. बसणार आहेत." दोन्ही टोकांना धरायला लोखंडी मुठी बसवल्या, मध्ये आडवी दांडी घातली, आणि दोन बुटक्या खांबांवर मला शाळेच्या मैदानात उभे केले. डावीकडे वर्गांच्या पायऱ्या होत्या, उजवीकडे एक मोठे झाड आणि झाडामागे माळ्याची खोपटी.

शाळेचा माळी हा माझा पहिला राखणदार. बोलताना तो हातातली झारी कधी खाली ठेवत नसे, त्यामुळे तो रागावला की ऐकणाऱ्याचे पाय भिजत. पहिल्याच दिवशी त्याने मुलांना माझ्याभोवती उभे केले.

"ऐका रे पोरांनो. ही फळी एकट्याची नाही. उतरायचं असेल तर खालच्याने विचारायचं, 'उतरू?' वरच्याने 'उतर' म्हटलं तरच उतरायचं. आणि उतरलात म्हणून पळायचं नाही. टोक दोन्ही हातांनी धरायचं, वरच्याला हळूहळू खाली सोडायचं, आणि विचारायचं, 'टेकले?' त्याचे पाय जमिनीला लागले की तो म्हणेल, 'टेकले.' मग सोडायचं. कळलं?"

"आणि तो म्हणालाच नाही तर?" एकाने विचारले.

"तर संध्याकाळपर्यंत धरून उभं राहायचं. डबा मी आणून देईन."

हे चार शब्द, उतरू, उतर, टेकले, टेकले, अकरा वर्षे माझ्या दोन्ही टोकांना रोज शेकडो वेळा बोलले गेले. त्या अकरा वर्षांत माझ्यावरून एकही मूल पडले नाही. शाळा पाहायला पाहुणे आले की मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या त्यांना आधी माझ्याकडे आणत. मला त्याचा अभिमान वाटे, आणि तो मी लपवत नाही.

पण एक गोष्ट मला फार लवकर कळली. झोपाळ्यावर एकट्याने बसता येते, घसरगुंडीवरून एकट्याने घसरता येते. माझ्याकडे धावत येणाऱ्या मुलाला मात्र आधी समोरचे टोक कोणाला द्यायचे ते ठरवावे लागते. म्हणून त्या शाळेत कोणाला कोण हवे आणि कोणाला कोण नको, हे मोठ्या बाईंच्या आधी मला कळत असे.

सात वर्षांची एक मुलगी शाळेत आली. तिचा उजवा पाय कमरेपासून टाचेपर्यंत लोखंडाच्या पट्ट्यांत आणि चामड्याच्या बंदांत बांधलेला होता. चालताना खट् असा आवाज होई. मुलांनी दुसऱ्याच दिवशी तिला खटखट असे नाव ठेवले. माळी मात्र तिला पाहून कमरेत वाकला आणि म्हणाला, "या सरदार. घोडा कुठे बांधलात?" ती हसली. त्या शाळेत ती प्रथमच हसत होती. म्हणून मीही तिला सरदारच म्हणते.

मधल्या सुट्टीत सरदार माझ्या खालच्या टोकावर येऊन बसे. समोरचे टोक वर, रिकामे. घंटा होईपर्यंत ती तशीच बसून राही. येणारी मुले तिला पाहून वळत. मी त्यांची कारणे ऐकत असे.

"तिचं लोखंड लागतं."

"ती बसली की आपण वरच अडकतो."

"माझी आई म्हणाली, तिला काही झालं तर आपल्यावर येईल."

पुढच्या वर्षी समुद्रापलीकडच्या मुलखातून आलेले एक कुटुंब गावात राहायला आले. आई दवाखान्यात नर्स होती. त्यांची मुलगी याच शाळेत दाखल झाली. तिची कातडी गर्द काळी होती आणि केस बारीक, घट्ट कुरळे. बोलायची मात्र इथल्या इतर मुलांसारखीच, किंबहुना त्यांच्याहून जास्त. माझ्या पाठीवर बसलेल्या मुलाचा रंग मी मोजत नाही, मित्रांनो, वजन मोजते. ती इतकी हलकी होती की ती बसल्याचे मला तिच्या बडबडीवरून समजे. माळी तिला चिमणी म्हणे. मुले काजळी म्हणत.

एकदा चिमणी माझ्यावरून उठली, तेव्हा एका मुलीने खिशातून पांढरा रुमाल काढून ती जागा पुसली आणि रुमाल उलटून पाहिला. रुमाल कोरा होता. तिने तो सगळ्यांना दाखवला. सगळ्यांनी तो पाहिला. तरी त्या जागेवर कोणी बसले नाही.

त्या मुलीच्या केसांत रोज नवी रिबीन असे, म्हणून तिला आपण रिबीन म्हणू. ती पायऱ्यांवर बसे, आणि ती जिथे बसे तिथे शाळेचा मधोमध असे. तिला दुष्ट समजू नका. घरी फुलदाणी फुटली तर ती आपणहून सांगत असेल. एवढेच, की तिने ज्याला बोलावले तो आत आणि ज्याला नाही तो बाहेर, हे तिला कोणी शिकवले नव्हते आणि तरीही पक्के ठाऊक होते.

मग चित्रांची पेटी घेऊन एक बाई आल्या. मुले आपले सोबती कसे निवडतात याचा त्या अभ्यास करत होत्या. त्यांना मैदानात टेबल हवे होते. माळ्याने माझ्या दोन्ही टोकांखाली विटा रचून मला सरळ केले. माझ्या पाठीवर त्यांनी चार चित्रे मांडली. एकात गोरी मुलगी उभी, दुसऱ्यात गोरीच मुलगी चाकाच्या खुर्चीत. तिसऱ्यात काळी मुलगी उभी, चौथ्यात तीच चाकाच्या खुर्चीत. चौघींचा फ्रॉक एकच, हसूही एकच. एकेक मूल यायचे. बाई त्याला एक लाल मणी देत आणि शांतपणे विचारत, "यातल्या कुणाबरोबर खेळायला आवडेल? तिच्यापुढे मणी ठेव." इतर मुले झाडामागे उभी असत, तिथून त्यांना काही दिसत नसे. पण मी खाली होते. मला सगळे कळत होते.

मणी पहिल्या चित्रापुढे पडत गेले. काही दुसऱ्यापुढे पडले, त्याहून थोडे तिसऱ्यापुढे. चौथ्यापुढे एकही पडला नाही. मण्याचे वजन ते काय, पण पहिल्या चित्रापाशी माझी पाठ दुखू लागली.

सरदार आली. खट्, खट्, खट्. तिने चारही चित्रे पाहिली. चाकाच्या खुर्चीकडे तिने सर्वांत कमी वेळ पाहिले. मणी तिने गोऱ्या, उभ्या मुलीपुढे ठेवला आणि आवाज होऊ नये म्हणून पाय उचलत, हळूहळू निघून गेली. बाईंची पेन्सिल बराच वेळ कागदावर टेकलेली राहिली.

शेवटी चिमणी आली. तिने मणी मुठीत धरला. पहिल्या चित्रापुढचा ढीग पाहिला, चौथ्यापुढची रिकामी जागा पाहिली. नेमके तेव्हाच कोणीतरी बाईंना हाक मारली. त्यांनी मान वळवताच चिमणीने तो मणी माझ्या कडेच्या एका बारीक भेगेत अंगठ्याने दाबून बसवला. बाई वळल्या तेव्हा ती म्हणाली, "ठेवला." संध्याकाळी एक मणी कमी भरला, आणि काजळीने तो चोरला, अशी वार्ता पायऱ्यांवरून सगळ्या शाळेत गेली. ती अगदीच खोटी होती असे नाही. पण तो मणी तिने कशापासून वाचवला, हे मला आजही नीट सांगता येत नाही. तो माझ्याजवळच राहिला.

अभ्यास करणाऱ्या बाईंनी काय लिहिले ते मला माहीत नाही. मोठ्या बाईंनी मात्र ते वाचले आणि त्या अस्वस्थ झाल्या. मनाने त्या चांगल्या होत्या, आणि चांगल्या माणसाला अस्वस्थपणा फार काळ सोसत नाही. तो काहीतरी करून टाकतो. त्यांनी दर बुधवारी मैत्रीचा तास सुरू केला आणि मुलांच्या जोड्यांची यादी फळ्यावर लावली. आधी ज्याला जो हवा तो दिला. यादीच्या तळाशी दोन नावे उरली.

"त्या दोघींना एकत्र ठेवू," वर्गाच्या बाईंना त्या माझ्याशेजारी उभ्या राहून म्हणाल्या. "दोघींनाही कुणी घेत नाही. एकमेकींना समजून घेतील."

मित्रांनो, ही चूक दुष्टपणाची नव्हती. आवराआवर करणाऱ्याची होती. जोड लागत नसलेले मोजे एका कप्प्यात टाकावेत, तसे त्यांनी केले. आणि मुलांना मोठ्यांचे न बोललेले सगळ्यात आधी ऐकू येते. माझे नाव त्या दिवसापासून उरलेल्यांची फळी पडले.

पहिला बुधवार सरदारने तोंड फिरवून काढला. दुसऱ्या बुधवारी ती म्हणाली, "मी तुला निवडलेलं नाही."

"मी पण नाही," वरून चिमणी म्हणाली. "आता नीट बस ना. कधीची वरच आहे मी."

"मी जड आहे. तुझ्याच्याने मी वर जाणार नाही."

"तू वीतभर पुढे सरक. मी अगदी कडेला बसते."

सरदार सरकली. चिमणी टोकाच्याही टोकाला बसली, हात पुढे ताणून मूठ धरली आणि सगळा जीव मागे टाकला. मी थरथरले, तोल शोधला, आणि सरदारचा लोखंडी पाय जमिनीवरून सुटला. शाळेत आल्यापासून तिने ते मैदान कधी वरून पाहिले नव्हते.

"काय दिसतं?" खालून चिमणीने विचारले.

"मोठ्या बाईंच्या खोलीतलं घड्याळ," सरदार म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "पाच मिनिटं मागे आहे."

"तरीच रोज सुट्टीची घंटा उशिरा होते. सांगायचं का त्यांना?"

"नको. मधली सुट्टी पण उशिराच संपते."

सहा बुधवार असे गेले, मग बुधवार नसलेलेही दिवस. उतरू, उतर. टेकले, टेकले. त्या दोघींएवढ्या कसोशीने तो नियम कोणी पाळला नाही, कारण त्या दोघींनाच वरून पडण्याची किंमत ठाऊक होती. पण मला एक खटकत असे. सरदारचे वजन माझ्यावर सरळ पडत नसे. ते नेहमी किंचित डावीकडे झुकलेले असे. डावीकडे पायऱ्या होत्या, आणि पायऱ्यांवर रिबीन.

सातव्या बुधवारी रिबीन आपणहून माझ्याजवळ आली. सरदार खाली होती, चिमणी वर.

"ए खटखट, आम्हाला राजवाड्याचा पहारेकरी हवाय. येतेस?"

"मी?"

"तूच. पण आत्ता. नाहीतर आम्ही दुसरीला घेऊ. आणि हिला आणू नकोस."

"जा की," वरून चिमणी म्हणाली. "आधी मला खाली घे."

सरदारने मान वर करून तिच्याकडे पाहिले. मग पायऱ्यांकडे. रिबीनने पाठ फिरवून चालायला सुरुवात केली होती, आणि ती झपझप चालत असे. सरदारचे ओठ हलले. मला वाटले, आता ती विचारणार. पण तिने विचारले नाही. ती उठली, टोक हातांतून सोडले आणि गेली. खट्, खट्, खट्, जितक्या घाईने तो पाय नेईल तितक्या घाईने.

ज्या टोकावर भार आहे ते टोक खाली जाते. मला दुसरे काही येत नाही. माझ्या पणजीपासून आमच्या घरात कोणी कोणाला खाली पाडले नव्हते. ते माझ्या नशिबी आले. चिमणीच्या मनगटाचा आवाज वाळकी काडी मोडावी तसा झाला. लाकडाला तो आवाज कळतो.

सगळे धावत आले. माळ्याने झारी फेकून देऊन तिला मांडीवर घेतले. मोठ्या बाईंनी विचारले, "कशी पडली?"

"ती उभी राहिली, बाई," रिबीन म्हणाली. "ती नेहमी उड्या मारते." बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांनी काही पाहिले नव्हते, पण रिबीनने पाहिले असेल असे त्यांना वाटले.

मोठ्या बाई सरदारकडे वळल्या. "तू समोर बसली होतीस. तू सांग."

सरदार बोलली नाही. एकदा फक्त तिचा पाय वाजला. चिमणी माळ्याच्या मांडीवरून तिच्याकडे पाहत होती. मग चिमणीच म्हणाली, "माझा हात सुटला, बाई."

"म्हणजे मूठ निसरडी झालीय," मोठ्या बाई म्हणाल्या. "फळी बंद करा."

असा माझा निकाल लागला. मी निर्दोष होते आणि साक्षीदारही मीच होते. पण लाकडाची साक्ष कोण घेणार?

पाच आठवड्यांनी चिमणी हात गळ्यात बांधून आली. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी मला साखळी घातली होती, आणि माळी तिला तेल देत होता. त्याने तिला विचारले, "चिमणे, खरं का नाही सांगितलंस?"

तिने खांदे उडवले. "तिला पहिल्यांदा कुणीतरी बोलावलं होतं ना."

माळ्याने साखळीची कडी पुन्हा आवळली. त्या महिनाअखेर तिच्या आईची बदली झाली आणि ते कुटुंब दूर गेले.

साखळीने माझे सरदारकडचे टोक खांबाला बांधले होते. म्हणजे दुसरे टोक, चिमणीचे, कायमचे वर राहिले. आता मी जे सांगते त्याला तुम्ही घाबरलात तरी चालेल, पण हसू नका. मधल्या सुट्टीची घंटा झाली की त्या वरच्या टोकावर वजन येई. अगदी थोडे, पण माझ्या ओळखीचे. पानाचे वजन मला कळते, कावळ्याचे कळते, पावसाचे कळते. हे त्यांपैकी कोणाचे नव्हते. साखळी ताणली जाई आणि मी मधूनच कण्हल्यासारखी वाजे. वारा नसताना फळी हलते, असे मुले सांगू लागली आणि माझ्यापासून लांबून जाऊ लागली. मित्रांनो, ते भूत नव्हते. ती मुलगी दूर कुठेतरी जिवंत होती, डबा खात होती, धडे लिहीत होती. पण तिला वर नेऊन कोणी खाली आणले नव्हते, आणि तेवढी ती माझ्यापाशी राहून गेली होती.

चिमणी पडल्यानंतर पायऱ्यांवरच्या राजवाड्याला पहारेकऱ्याची गरज तीनच दिवस पडली होती. चौथ्या दिवशी खेळ बदलला. पाचव्या दिवशी, सगळे वर्गात असताना, सरदार माझ्याजवळ आली. तिने साखळी घातलेल्या टोकावर हात ठेवला, वरच्या रिकाम्या जागेकडे पाहिले आणि अगदी हळू विचारले, "उतरू?"

ती तास संपेपर्यंत हात तसाच ठेवून उभी होती. पुढची सहा वर्षे, शाळा सुटेपर्यंत, ती रोज एकदा येई आणि तेच विचारी.

त्यानंतरचे फार सांगत नाही. मला खांबांवरून काढून खोपटीत भिंतीला तिरके उभे केले. चिमणीचे टोक पुन्हा वरच. माळ्याने माझ्या दांडीला दरवर्षी तेल दिले. शेवटच्या वर्षी त्याचे हात इतके कापत होते की निम्मे तेल जमिनीला गेले. तो वारल्यावर माझ्यावर मोडक्या खुर्च्या आल्या, फुटक्या झाऱ्या आल्या, कोळ्यांची तीस-चाळीस घराणी आली. घंटा विजेची झाली. ती वाजली की वरचे टोक जड होई. साठ वर्षांत एक दिवस चुकला नाही.

मग खोपटी पाडायला माणसे आली. मला बाहेर ओढून कुऱ्हाड लावणार, एवढ्यात मैदानाच्या टोकाकडून आवाज आला. खट्. थोडे अंतर. खट्. आता त्याला काठीची साथ होती. पण पाऊल मी ओळखले. केस पांढरे झाले होते. सरदार नातीला शाळेत सोडायला आली होती.

"ती फळी फोडायची नाही," ती म्हणाली.

"आजी, आत वाळवी असेल," कामकरी म्हणाला.

"वाळवी माझ्यात असेल. तिच्यात नाही. उचला, आणि सांभाळून."

आवाज असा होता की तिघांनी एकदम उचलले. मला घासले, तेल दिले, जुन्या जागी नव्या खांबांवर चढवले. चिमणीचा पत्ता शोधायला तिला आठ महिने लागले. तिने पत्र लिहिले. त्यात काय लिहिले ते माझ्यासमोर वाचले गेले नाही. एका बुधवारी, मधल्या सुट्टीत, एक काळी, पांढऱ्या कुरळ्या केसांची, ताठ बाई फाटकातून आत आली. ती कपडे शिवत असे. तिचे स्वतःचे दुकान होते. उजवे मनगट वाकडे जुळल्यामुळे ती डाव्या हाताने कात्री धरते, हे मला नंतर कळले.

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. मुले खेळ सोडून जमा झाली.

"चिमणे, मी..." सरदारने सुरुवात केली.

"हे बघ," चिमणी म्हणाली, "माफ करायला आलेली नाही मी. ते माझं मी बघेन. मी खाली यायला आलेय."

सरदारने मान हलवली. मग ती मुलांकडे वळली. तिची नात पुढेच उभी होती.

"या बाईंचा हात सुटला नव्हता," सरदार म्हणाली. तिचा आवाज पायऱ्यांपर्यंत गेला. "साठ वर्षांपूर्वी इथे मला विचारलं होतं आणि मी गप्प बसले. मी उतरले. न विचारता. या वर होत्या."

"का उतरलीस, आजी?" नातीने विचारले.

"मला दुसरीकडे बोलावलं होतं."

"मग तिथे काय झालं?"

"तीन दिवस पहारा दिला."

चिमणी खुदकन हसली. हसू तिला आवरले नाही. "तीनच?" ती म्हणाली. "अगं, मला वाटायचं, निदान राणी तरी झाली असशील."

मित्रांनो, शेवटचे सांगण्याआधी माझे मागणे ऐका, कारण नंतर मी बोलणार नाही. माझ्या दांडीला तेल द्या. पावसात मला उघडी टाकू नका. हे तर सांगायलाच नको. पण समोरचे टोक कोणाला द्यायचे हे ठरवताना तुमचा हात कोणत्या चित्राकडे जातो, तेही एकदा पाहा. तो आपोआप जातो, म्हणूनच पाहा. आणि ज्याला कोणी घेत नाही त्याला तुम्ही घेतलेत, तर उपकार केल्यासारखे घेऊ नका. कारण ज्याला एकदा वर नेले, त्याला मध्येच सोडून जाण्याचा अधिकार कोणालाच नाही. ज्याला स्वतःला कोणी सोडले होते, त्यालाही नाही.

नवा माळी आणि नातीच्या वर्गाच्या बाई यांनी मला सरळ धरले. चिमणी चढली आणि न सांगता अगदी कडेला बसली, हात पुढे ताणून मूठ धरली. सरदार बसली, वीतभर पुढे सरकून. धरणाऱ्यांनी हात काढले. सरदारचे टोक हळूहळू खाली गेले, चिमणीचे वर. चाचपडताना चिमणीच्या अंगठ्याला माझ्या कडेची भेग लागली. तो तिथेच थांबला.

"अजून आहे," ती स्वतःशीच म्हणाली. मणी तिने काढला नाही.

ती वरून मैदान पाहत राहिली. पायऱ्या, झाड, मोठ्या बाईंच्या खोलीची खिडकी. खाली सरदार तिच्याकडे पाहत होती, आणि या खेपेस तिचे वजन माझ्यावर सरळ पडले होते.

"उतरू?" सरदारने विचारले.

"थांब."

सरदार थांबली. घंटा झाली. एकही मूल हलले नाही. वर्गाच्या बाईंनीही कोणाला हाकलले नाही. बऱ्याच वेळाने वरून शब्द आला.

"उतर."

सरदार उठली. काठी बाजूला पडली. लोखंडी पाय रोवून तिने माझे टोक दोन्ही हातांनी धरले. नवा माळी मदतीला पुढे झाला. तिने त्याच्याकडे नुसते पाहिले आणि तो मागे सरला. तिची बोटे घट्ट होती. बोट बोट करत तिने मला वर येऊ दिले, आणि बोट बोट करत चिमणीचे टोक खाली गेले. मी वाजले नाही. त्या टोकावर आता एकाच माणसाचे वजन होते.

"टेकले?" सरदारने विचारले. टोक तिने सोडले नव्हते.

चिमणीने एक पाय खाली ठेवला, मग दुसरा. चपला काढून दोन्ही तळवे मातीवर नीट ठेवले.

"टेकले," ती म्हणाली.